न मोडणारी पिन

देवरावजी फिटरनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा मोडत नसे. ती पूर्वीसारखी वापरता येत असे, असं मात्र मी म्हणणार नाही.

माझ्या उपकेंद्रातला बाळं जोखायचा काटा एकदा वाकला. त्यांनी तो नेला आणि दुसऱ्या दिवशी दांडीला खालून लोखंडी पट्टी मारून आणून दिला. काटा दणकट झाला. त्यात बाळ ठेवलं काय आणि न ठेवलं काय, तो हलेना. मी बोलले तर त्यांनी काटा जमिनीवर आडवा टाकला आणि त्या पट्टीवर दोन्ही पाय देऊन उभे राहिले.

"पाहा बाई, वाकते का?"

"देवरावजी, मले पोराचं वजन करायचं हाये. त्याच्यावर नाचायचं नाई."

"ते बरोबर हाये. पन मोडन का?"

नाही मोडला. मी तिथून बदलून आले तेव्हाही तो तसाच कपाटावर पडून होता. माझ्या छत्रीचंही त्यांनी असंच केलं होतं. सायकलच्या तारा घालून ती इतकी जड केली की पाऊस येईपर्यंत माझा हात दुखायला लागे. स्वतः दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते उभे तरी राहत, नाहीतर तिला लोंबकळून पाहत. "मोडन ते माह्या हातचं नाई," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. यात फुशारकी नव्हती. आपलं नाव सांगावं तितक्या साधेपणानं ते हे सांगत.

उंचीनं बेताचे, खाकी अर्धी पँट, वर बंडी, आणि एका कानात कापसाचा बोळा. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनात त्यांनी बावीस वर्षं फिटरकी केली होती. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजानं एक कान गेला होता आणि रुईच्या धुळीनं छाती. गेलेल्या कानात बोळा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "सवय हाये. काढला तर थंडी वाजते." मशीनचं दुखणं ते चांगल्या कानानं ऐकत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मी नळी लावून छाती तपासते तसंच ते होतं. म्हणून असेल, आमचं एकमेकांशी बरं जमलं.

मी त्या भागात नर्स म्हणून आले शहात्तर साली. जिल्ह्याच्या डोंगराळ बाजूला एक नवं धरण झालं होतं. माझं उपकेंद्र धरणाच्या अलीकडे, डांबरी सडकेवर. माझ्याकडे सोपवलेली तीन गावं मात्र पाण्याच्या पलीकडे. देवरावजींचं गाव याच धरणात बुडालं होतं आणि त्यांना पलीकडच्या नव्या गावठाणात जागा मिळाली होती. पाण्याच्या कडेकडेनं जंगलातून जायचं तर चौदा मैल. पावसाळ्यात तेही नाही, कारण मध्ये दोन नाले होते. अडलेल्या बाईला अलीकडे आणायचं कसं, याचा विचार धरण बांधणाऱ्यांनी केलेला दिसत नव्हता. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात पलीकडे दोन बाळंतिणी गेल्या. मला दोन्ही वेळा ते आठवड्यानंतर कळलं. रजिस्टरमध्ये नोंद करायची तेवढी केली.

धरण खात्याच्या गोदामात एक पत्र्याची बोट होती. सर्व्हेच्या वेळी कोणीतरी साहेबानं मागवलेली. तिच्या मागे लावायचं परदेशी मोटरचं धूड सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली पडलं होतं. मी तिथल्या ज्युनियर इंजिनियरकडे चार चकरा मारल्या. पाचव्या चकरेला तो म्हणाला, "न्या. चालू झाली तर तुमची. बुडाली तर मी दिली नव्हती."

ती मोटर देवरावजींनी एका सुताराच्या घोडीवर टांगली आणि तीन दिवस तिला हात न लावता तिच्याभोवती फिरले. बिडी ओढायची, पाहायचं, पुन्हा फिरायचं. चौथ्या दिवशी त्यांनी ती खोलली. आत गांधीलमाशीचं घर होतं. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं. पाणी ओढून मोटर थंड ठेवणारं जे छोटं रबरी चाक असतं त्याचा भुगा झाला होता. ते चाक त्यांनी आधी जिनाच्या रुळाच्या चामड्याचं केलं. ते पाण्यात फुगलं. मग टायरच्या चपलेच्या तळव्यातून कापलं. तीन चपला गेल्या. तिसरी माझ्या शिपायाची होती आणि त्याला विचारलं नव्हतं.

मोटर पहिल्यांदा सुरू झाली ती पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये. दोरी ओढून ओढून देवरावजींना दम लागला होता. मी म्हटलं, सरा बाजूला. मी ओढली आणि ती लागली. ड्रममधलं निम्मं पाणी आमच्या अंगावर आलं. देवरावजींनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बोलून राह्यली." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं हसताना पाहिलं.

चालवायला आम्ही दोघं बरोबरच शिकलो. मला पोहता येत होतं. मी वेणा नदीच्या काठची. त्यांना येत नव्हतं. ते ट्रकची फुगवलेली ट्यूब कमरेला घालून बोटीत बसत. काठावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. मोटरचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, हे माझ्या डोक्यात बसेना. दोनदा मी बोट सरळ काठाच्या दगडी पिचिंगवर घातली.

"बाई, सडकेवर बंडी कशी वळते?" देवरावजींनी विचारलं.

"बैलानं."

"म्हंजे तोंडानं. हे शेपटीनं वळते. तोंडाकडे पाहूच नका."

हे सांगणं चांगलं होतं. त्यानंतर मी पिचिंगवर गेले नाही.

खरी अडचण पाण्याच्या आत होती. बुडीत क्षेत्रातली झाडं पाणी भरण्याआधी तोडायची असतात. तशी ती तोडलीही होती. पण उंबर, पिंपळ आणि वड यांना कोणीच कुऱ्हाड लावली नव्हती. ठेकेदाराच्या मजुरांनी लावली नाही, गावकऱ्यांनी लावली नाही. कागदावर सगळी झाडं तुटली होती. सागाचा, बाभळीचा मागमूस नव्हता, आणि नेमकी देवाची सात झाडं पाण्यात उभी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वाळलेली, पांढरी दिसत. पावसाळ्यात त्यांचे शेंडे पाण्याखाली हातभर राहत आणि काहीच दिसत नसे.

मोटरचा पंखा आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये एक पितळेची पिन असते. काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड. पंखा कशावर आदळला की ही पिन मोडते, पंखा सुटा होतो. मग मोटर वर उचलायची, नवी पिन घालायची आणि पुढे जायचं. दहा मिनिटांचं काम. मोटरबरोबर आलेल्या पत्र्याच्या डबीत डझनभर पिना होत्या आणि एक इंग्रजी कागद होता. बोटीच्या पहिल्या पावसाळ्यात आठ पिना मोडल्या. त्या प्रत्येक वेळी ट्यूब कमरेला लावलेले देवरावजी पाण्यावर ओणवे होऊन पिन बदलत आणि बोटीतले लोक बघत राहत.

"काय देवरावजी, आज किती मोडल्या?" काठावर कोणी ना कोणी विचारायचंच.

"तुमचे देव आडवे येते ना," ते म्हणत. पण ते त्यांना लागत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातची वस्तू पुन्हा पुन्हा, चारचौघांत मोडत होती.

त्या मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "झाडंच काढून टाकू ना."

"उंबराले कोन हात लावन? तुमी लावता?"

मीही लावला नसता. माझ्या घरी दत्ताची तसबीर होती आणि आहे.

मग एक दिवस त्यांनी मला एक पिन दाखवली. ड्रिलच्या मोडक्या बिटाची मागची दांडी कापून, घासून, अगदी मापात केलेली. पोलादाची. त्यांनी ती ऐरणीवर ठेवून हातोडा मारून दाखवला. ऐरणीवर खूण उमटली, पिनेवर नाही.

मी तो इंग्रजी कागद वाचला होता. माझं इंग्रजी नर्सिंगपुरतं, पण एवढं कळलं होतं की दुसरी कुठलीही पिन वापरू नका असं त्यात लिहिलं आहे. मी तसं सांगितलं. म्हटलं, "देवरावजी, ती पिन मोडासाठीच हाये म्हंते."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, मोडासाठी कोनी वस्तू बनवते का?"

खरं सांगायचं तर मलाही त्यांचं पटलं. भर पाण्यात अडकून पडण्याचा मलाही कंटाळा आला होता. त्यांनी पोलादी पिन बसवली आणि जून-जुलै दोन महिने बोट एकदाही थांबली नाही. शेंड्यांना पंखा घासला तर कट् कट् आवाज यायचा, बोट हादरायची आणि निघून जायची. चौदा बाया आम्ही त्या दोन महिन्यांत अलीकडे आणल्या. सगळ्या सुखरूप. लोक देवरावजींना चहा पाजायला लागले. कोणी किती मोडल्या विचारीना. वल्हवायचे चप्पू बोटीत जागा अडवतात म्हणून ते आम्ही काठावरच ठेवायला लागलो.

ऑगस्टमध्ये पलीकडून शेवंताला आणायला गेलो. गणपत नावाच्या तरुण शेतकऱ्याची बायको, पहिलंच बाळंतपण. दाईनं दीड दिवस प्रयत्न केला होता. मी तपासलं तर बाळ आडवं होतं आणि त्याचा हात बाहेर आला होता. माझ्या हातात काही नव्हतं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवणं एवढंच होतं. अलीकडे जीप बोलावून ठेवली होती. बोटीत आडवी शेवंता, तिच्या उशाशी सासू, पायाशी मी, पुढे गणपत आणि मागे मोटरवर देवरावजी. दुपारचे दोन वाजले असतील. वारा होता.

निम्म्यावर आलो आणि पंखा उंबरावर बसला. या वेळी कट् कट् नाही, एकच मोठा आवाज झाला, लोखंड चावल्यासारखा. मोटर चालूच होती, उलट जास्त जोरानं ओरडत होती. पण बोट हलेना. देवरावजींनी मोटर बंद करून वर उचलली. पंखा हातानं फिरवला, तो नुसताच गरगर फिरला.

गणपतला पिनेचं माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. तो म्हणाला, "पिन टाका, देवरावजी."

देवरावजींनी पंखा पुन्हा एकदा फिरवला.

"टाका ना पिन. दहा मिनिटाचं काम हाये म्हन्ता ना तुमी? टाका ना."

पिन शाबूत होती. तिच्याऐवजी मोटरच्या आतले गिअरचे दाते उडाले होते. देवरावजींनी हात पंख्यावर तसाच ठेवला होता आणि गणपत त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. शेवटी मीच ओरडले, "पिन मोडली नाई, गणपत. फळी काढ बसायची!"

आम्ही बसायची फळी उखडली. तीसुद्धा देवरावजींनीच बसवलेली. उखडायला फार वेळ गेला. एका फळीनं आणि हातांनी आम्ही बोट वल्हवली. वारा आम्हाला परत उंबरावर नेत होता. काठाला लागायला साडेचार वाजले. शेवंता त्याआधी अर्धा तास गेली होती. सासूला ते कळलं होतं, पण बोट हलू नये म्हणून ती रडली नाही. ती नुसती शेवंताच्या केसांवरून हात फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी देवरावजींनी काठावर मोटर खोलली. मी तिथे होते. तेलात भिजलेले दाते त्यांनी एकेक करून पोत्यावर मांडले. शेवटी पिन काढली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्यांनी ती पाण्यात फेकली नाही की कपाळाला हात लावला नाही. बाकीच्या भागांच्या रांगेत ठेवली आणि पुढचं काम करायला लागले. मी त्यांना दोष दिला नाही, समजावलंही नाही. दोष द्यायचा तर कागद मी वाचला होता.

मोटर दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. नागपूरच्या भंगार बाजारात चार वेळा जाऊन त्यांनी गिअर मिळवला. या वेळी पिन पितळेची. पहिल्या फेरीला त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि स्वतः पुढे जाऊन बसले, हातात लांब बांबू घेऊन पाण्याचा ठाव घेत. त्यानंतर मोटर त्यांनी कधी चालवली नाही. ती साफ करायची, ऐकायची, ड्रममध्ये तपासायची, हे सगळं करत. दांड्याला मात्र हात नाही. "मोडन ते माह्या हातचं नाई" हेही पुन्हा ऐकलं नाही.

मे महिन्यात पाणी उतरलं आणि ते करवत घेऊन चिखलात उतरले.

पहिल्या दिवशी काठावर माणसं जमली. कोणी अडवलं नाही, कारण अडवायला चिखलात उतरावं लागलं असतं. शेवंताची सासू तेवढी गुडघाभर चिखलात जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"माही सून गेली ते गेली. आता गावावर आनखी कायले आनता, भाऊ?"

"तुमी घरी जा, माय."

"उंबर हाये ते!"

"ठाव हाये मले," देवरावजी म्हणाले. "मीच लहानपणी पानी घातलं हाये त्याले."

करवत दोघांनी ओढायची होती. एक दिवस दुसऱ्या टोकाला मी बसले. तिसऱ्या दिवशी तीनपैकी दोन गावांनी लसीकरणाला पोरं आणली नाहीत. आणीबाणीत आमच्या खात्याची गाडी दिसली की माणसं नसबंदीच्या भीतीनं तुरीत पळत. तो विश्वास मी दोन वर्षं खपून परत मिळवला होता. मला त्या पोरांना टोचायचं होतं. मी करवत सोडली. देवरावजींना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बराबर हाये," आणि करवतीची एक मूठ काढून ती एकट्यानं चालवता येईल अशी केली.

एकट्याला एक झाड तोडायला पंधरा-वीस दिवस लागत. पाणी सगळ्यात खाली असतं ते जेमतेम महिनाभर. म्हणजे एका उन्हाळ्यात दोन झाडं, तीही छाती साथ देईल तर. पहिला उंबर पडला त्या आठवड्यात त्यांची बायको रखमाबाई आंजीला भावाकडे निघून गेली. मला बसस्टॉपवर भेटली. म्हणाली, "बाई, मी काई भांडून नाई चालली. पन त्या हातानं वाढलेलं मले गिळत नाई." ती परत आली नाही. विहिरीवर देवरावजी आले की बाया बादल्या उचलून बाजूला होत. पोरं लांबून हाका मारत, "उंबरतोड्या!" ते ज्या कानानं ऐकू येत नाही तो कान तिकडे करत.

खोकला वाढत गेला. तो रुईच्या धुळीचा होता, मी त्यांच्या थुंकीच्या दोन तपासण्या करून घेतल्या होत्या. पण गावात सगळ्यांना कारण माहीत होतं आणि माझ्या कागदांना कोण विचारतं? मी एकदा त्यांनाच विचारलं, "तुमाले काय वाटते? झाडाचं हाये का हे?"

त्यांनी थोडा विचार केला. "असन बी," म्हणाले. "पन मंग त्याचं अन् माहं फिटलं ना."

तीन उन्हाळ्यांत पाच झाडं पडली. वाटेवरची सगळी. राहिलेली दोन पार पलीकडच्या कोपऱ्यात होती, आमच्या कामात न येणारी. दरम्यान बोट चालतच होती. तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात एकही पिन मोडली नाही. ज्या बाया विहिरीवर बाजूला होत, त्या बोटीत देवरावजींच्या समोरच बसत. कळा यायला लागल्यावर त्याला इलाज नव्हता.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी निरोप आला की देवरावजी तीन दिवस उठले नाहीत. मी बोट घेऊन गेले. ते खाटेवर बसून होते. आडवं झालं की श्वास कोंडत होता. ओठ निळे पडले होते. म्हटलं, मोठ्या दवाखान्यात चला. ते उठले आणि बंडी घातली. काठापर्यंत शंभर पावलं, तेवढ्यात चार वेळा बसले. मी एकटीच होते. दोन-चार घरांची दारं उघडी होती, कोणी बाहेर आलं नाही.

बोटीत ते पुढच्या फळीवर माझ्याकडे तोंड करून टेकले. बांबू घेतला नाही. मी मोटर लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. निम्म्यावर आलो तिथे मी दांडा ओढला आणि बोट वळवली. चार वर्षांची सवय होती, हातच तसा जायचा.

त्यांनी डोळे उघडले. "काऊन वळवली?"

मी दांडा तसाच धरून ठेवला.

"सरळ घ्या, बाई. काई नाई आता तिथं."

मी सरळ घेतली. खाली पाणी होतं आणि काहीच लागलं नाही.

सडकेवर वर्ध्याची एसटी उभी होती. मी त्यांना पुढच्या सीटवर खिडकीशी बसवलं, चिठ्ठी खिशात घातली, डॉक्टरांचं नाव दोनदा सांगितलं. कंडक्टर आला. म्हणाला, "म्हातारबुवासंगं कोन हाये?"

"कोनी नाई," देवरावजी म्हणाले.

मी खाली उतरले. पलीकडच्या दुसऱ्या गावात एकीचे दिवस भरले होते आणि अंधार पडायच्या आत मला तिला आणायचं होतं. बस निघाली तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. डोकं खिडकीच्या गजाला टेकलं होतं आणि चांगला कान बसच्या इंजिनाकडे होता. मी वळून काठाकडे गेले.